हेडमास्तरांचं आत्मचरित्र

हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा मुलाने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत आणून ठेवला. बातम्या कशा वाचायच्या, पत्र कसं टाइप करायचं, ते शिकवलं. तिसऱ्याच दिवशी हेडमास्तरांना त्यात सोंगट्यांचा खेळ सापडला. चित्रांच्या सोंगट्यांची एकावर एक रचलेली रास. तिच्यातल्या दोन सारख्या सोंगट्या हेरून टिचकी मारली की जोडी गायब. मात्र बाजूने मोकळी असेल तीच सोंगटी उचलता येते. हेडमास्तरांना महिनाभरात एकदाही रास संपवता आली नव्हती, आणि त्यामुळेच त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं होतं.

अडचण अशी, की नोकरीभर त्यांनी मुलांच्या दप्तरांतून पत्ते नि खेळणी जप्त केली होती आणि वेळेच्या सदुपयोगावर शेकडो भाषणं ठोकली होती. म्हणून सून एका सकाळी कपाटातल्या चादरी न्यायला अचानक आत आली, तेव्हा त्यांनी घाईघाईने खेळ दडवला. पडद्यावर कोरं पान उरलं. काय लिहिताय, असं तिने सहज विचारलं.

"आठवणी," हेडमास्तर म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण अर्धवट उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती. "आपल्या घराण्याच्या. सगळं खरं खरं लिहिणार आहे."

सुनेने ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने आत्याला, आणि आत्याला सांगितल्यावर आणखी कुणाला सांगायची गरज नव्हती. वर्षातून दोनदा फोन करणारी ही बहीण आता रोज दादाच्या तब्येतीची चौकशी करू लागली. बोलता बोलता, आपण मॅट्रिकला नापास झालो ते केवळ तापामुळे, हेही तिने चार वेळा सांगितलं. मेव्हण्यांनी पाठीला आधार देणारी खुर्ची पाठवली. घरात टीव्हीचा आवाज उतरला, माणसं चवड्यांवर चालू लागली. हेडमास्तरांना मनातून लाज वाटे. एकदा तर त्यांनी निश्चयाने लिहायला घेतलं. 'माझा जन्म' एवढं टाइप करून झालं आणि मग विश्रांती म्हणून त्यांनी एक डाव लावला.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ दारात उभा राहिला. हा बांधकाम खात्यातून मुदतीआधीच निवृत्त झालेला ओव्हरसियर. वडिलांची दुर्बीण कुणाकडे राहावी यावरून भांडून गेला, तो अकरा वर्षं इकडे फिरकला नव्हता. आता त्याच्या एका हातात दुर्बीण होती आणि दुसऱ्या हातात आपली बाजू मांडणारे वीस हस्तलिखित कागद. कुणाशी न बोलता तो थेट खोलीत शिरला. हेडमास्तरांना खेळ दडवायला माउस सापडेना.

भावाने वाकून पडदा पाहिला. "दादा, पुस्तक कुठंय?"

हेडमास्तरांनी निमूटपणे ते पान उघडून दाखवलं.

"माझा जन्म," भावाने वाचलं. "पुढे?"

"पुढे अजून काही झालेलं नाही."

भावाने कागद पलंगावर टाकले, स्टूल ओढलं आणि खेळ परत लावायला सांगितलं. आयुष्यभर त्याने भिंती बांधल्या होत्या आणि पाडल्याही होत्या. "तू मधूनच पोखरतोयस. आधी दोन्ही टोकं मोकळी कर. ते डावीकडचं फूल उचल." अर्ध्या तासात रास संपली. पडद्यावर कसल्याशा चांदण्या उडाल्या आणि दोघा भावांनी नकळत एकमेकांचे हात धरले.

त्या आनंदाच्या भरात हेडमास्तरांना सत्याचा उमाळा आला. आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना खरं सांगतो, म्हणाले. भावाने त्यांना खाली बसवलं. ताईने परवा आपल्याला फोन करून लहानपणीच्या भांडणांची माफी मागितली, ही गोष्ट त्याने हलक्या आवाजात सांगितली. ताई कुणाला घाबरलेली त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिली होती. हे असं मोडून टाकण्यात शहाणपण नाही, असं त्याचं मत पडलं. उद्यापासून तो स्वतः रोज दहाला येणार. दोघं मिळून जुने तपशील ताडून बघतोय, असं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोघांची डोकी पडद्यापाशी जुळलेली असताना हेडमास्तरांची बायको चहा घेऊन आत आली. खेळ समोर मोठा उघडा होता. दोघांनी शाळेत पकडलेल्या पोरांसारखे हात मागे घेतले. तिने कप ठेवले, पडदा नीट पाहिला, आणि पुस्तकाला अजून किती दिवस लागतील ते विचारलं.



"घाई करू नका," ती म्हणाली. "काल वन्संनी फोनवर 'वहिनी, तुम्ही कशा आहात' म्हणून विचारलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पहिल्यांदा."

जाताना तिने दार ओढून घेतलं. बाहेर सुनेने मिक्सर लावला होता. तो बंद झाला, आणि बायकोचा आवाज दोघांना स्वच्छ ऐकू आला.

"मिक्सर जरा दमानं लाव गं. त्यांचं अजून बालपणच चाललंय."