मोठेबाबांचा रविवारचा पेला

मोठेबाबा माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या बकरीशी बोलतात.

दर रविवारी सकाळी ते दाराशी सायकल लावतात, खाकरतात आणि खुंट्याला बांधलेल्या बकरीकडे बघून मोठ्या आवाजात म्हणतात, "काय वं, आज रविवार हाय. तिले म्हणा पुडी घे. अन् दूध पूरं पेजो म्हणा. मांगच्या खेपेले पेल्यात दोन बोटं उरलं होतं."

'तिले' म्हणजे मला. मी तिथेच बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभी असते. चक्कीवर दळणाची रांग लागलेली असते आणि रांगेतल्या बाया पदराआडून हसत असतात. बकरी पाला खात राहते. तिचं एक बरं आहे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, माझे भासरे. लेकरं त्यांना मोठेबाबा म्हणतात, म्हणून माझ्याही मनात तेच नाव बसलं. आमच्या घराण्यात भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि तिने तर नाहीच. ही रीत ज्याने पाडली त्याला वाटलं असेल, चला, बाईला जरा निवांत राहता येईल. त्याने मोठेबाबा पाहिले नव्हते. न बोलता हा माणूस जेवढं छळतो, तेवढं बोलून कोणाला जमणार नाही.

नोकरी कंडक्टरची होती. सुटून बरीच वर्षं झाली, पण गळा अजून भरल्या गाडीतलाच आहे. बायको वारली. दोन गल्ल्या सोडून एकटेच राहतात, हाताने करून खातात. रांगेतल्या बाया सावलीला बसल्या की हे लगेच सुरू होतात. "सरका, सरका, उन्हात सरका. सावली तुमच्यापेक्षा लहान पडते तवाचं ऊन चांगलं. बाह्या वर करा." गॅरेजवाल्याची बायको नसीमभाभी एकदा म्हणाली, "काय वो कंडक्टरसाहेब, आम्ही काय वाळत घालाचे पापड हाओत काय?" तेव्हापासून अर्ध्या बाया रविवारी दळण आणतच नाहीत. नुकसान कोणाचं? माझं.

हे सगळं माझ्या पायांपासून सुरू झालं. चक्की आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. चक्की मीच चालवते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्या पत्र्याच्या खोलीत असते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मांड्यांतला जोरच गेला. खाली बसून सांडलेलं पीठ गोळा केलं की उठता यायचं नाही. हाडं आतून ठणकायची. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "कोणत्या बाईचे पाय दुखत नाही?" सासूबाई म्हणाल्या, "आम्ही डोक्यावर भारे आणले, आमचे नाही दुखले." मी गप्प बसले. मला गप्प बसणं येतं.

एकदा मोठेबाबा गहू घेऊन आले होते. चक्की चालू होती. मी खालून उठताना आधार शोधला आणि हात सरळ पट्ट्याकडे गेला. त्यांनी खटका पाडला, चक्की बंद झाली. हात वाचला. त्या रात्री नवऱ्याचा फोन आला, तेव्हा त्याला हे कळलंच होतं. म्हणाला, "चक्की विकून टाकू. तुले झेपत नाही." मला जेवण गेलं नाही. त्या खोलीत पिठाचा धुरळा आहे, उकाडा आहे, पण तिथे मला काय करू म्हणून कोणाला विचारावं लागत नाही. आख्ख्या घरात तेवढीच एक जागा आहे तशी.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आले आणि बकरीला म्हणाले, "तिले म्हणा, दारव्ह्याले जाऊन रक्त तपासाचं हाय. अन् माह्या भावाले सांगजो, ढकला मारून चालू कराले बाई म्हणजे काही गाडी नाही."

हे वाक्य त्यांनी पुढे इतक्यांदा म्हटलं की माझ्या लेकराने ते शाळेत म्हणून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहून सांगितलं, शरीरात डी जीवनसत्त्व फार कमी आहे. ते उन्हातून मिळतं. कमी पडलं की हाडं दुखतात, मांड्या ढिल्या पडतात. पुडी दिली, हप्त्यातून एकच. रोज घेतली तर लवकर बरं वाटत नाही, उलट अपाय होतो. मी बाहेर बाकावर येऊन बसले. सोबत आलेले मोठेबाबा आत गेले, परत सगळं विचारून आले, आणि पुड्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. माझं औषध, माझी हाडं, आणि पुड्या त्यांच्या कपाटात. राशनसारखं दर रविवारी एक.

गावात हसू झालं. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि म्हणे हिला ऊन कमी पडलं. मोठेबाबा सायकलीला सांगायचे, "ऊन बाहेर पडते, हे बसते अंदर. ऊन काय पत्रा फोडून येते?"

पुडीसोबत दूध. तेही घरचं चालत नाही म्हणे, म्हणून स्वतःच्या बरणीत म्हशीचं तापवलेलं दूध घेऊन यायचे. मोठा पेला. मी तो रिकामा करून दाखवीपर्यंत हलायचे नाहीत. सासूबाई खाटेवरून बघत असायच्या. घरचं दूध नवऱ्याला, लेकरांना, उरलं ते विरजणाला. त्यांच्या नजरेसमोर तो पेला संपवताना मला घोट गिळवत नसे. एकदा त्या नसीमभाभीला म्हणाल्या, "दवा हाय म्हणून, नाही त सून दूध पेत बसते म्हणून लोक तोंडावर थुकतीन."

पाय सुधारले, हे मात्र खोटं बोलता येणार नाही. लगेच नाही, पण काही महिन्यांत मी आधाराशिवाय उठू लागले. गव्हाचा डबा उचलू लागले. चक्की विकायची गोष्ट नवऱ्याने परत काढली नाही.

आणि एका रविवारी मोठेबाबा भरल्या रांगेसमोर बकरीला म्हणाले, "दिवसा डबा उचलते, पण राती अजून पाय धरून रडते म्हणे. पोरगं सांगत होतं."

माझं डोकं सणकलं. मी पेला उलटा केला. सगळं दूध मातीत. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले. "मोठेबाबा, माह्या रडण्याची दवंडी कायले पिटता? पुडी घेईन. दूध नाही घेणार."

सासूबाईंनी मातीतल्या दुधाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मोठेबाबा बकरीलाही काही न बोलता गेले. मला वाटलं, सुटले.

पुढच्या रविवारी बरणी घेऊन हजर. "तिले म्हणा, सांडलं थे सांडलं. दुसरं आणलं."

अशा माणसाचं काय करायचं?

मग तपासणीची वेळ आली. या खेपेला मी एकटीच एसटीने गेले, डॉक्टरीणबाईंशी एकटीच बोलले. डी वाढलं होतं. आता पुडी महिन्यातून एक, म्हणाल्या. मी विचारलं, दूध किती घ्यायचं? त्या म्हणाल्या, "दूध घेतलं तर चांगलंच. पण नसेल तर पुडी जेवणानंतर घ्या. हे मी पहिल्याच वेळी तुमच्या मोठ्या भाऊजींना सांगितलं होतं."

येताना गाडीत मी दातओठ खात बसले होते. इतके रविवार, इतके पेले, इतक्या जणींचं हसणं. उतरले ती घरी गेले नाही, सरळ त्यांच्या दारात गेले.

मोठेबाबा गॅसपुढे उभे होते. मी पदर सावरला आणि म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणते, दूध नसलं तरी चालते. तुमाले माहीत होतं."

ते वळले नाहीत. पातेल्यातल्या दुधाकडे बघत म्हणाले, "होतं."

"मंग काहून?"

त्यांनी चमच्याने दूध ढवळलं. मग त्या पातेल्यालाच म्हणाले, "माय खाटेवर बसून राह्यते. तिच्यासमोर त्या घरातली बाई दूध कशी पेईन? दवा म्हटलं त पेते." गॅस बारीक केला. "आमच्याकडे तवा दोन म्हशी होत्या. दूध माही बायकोच काढे. उतारवयात कंबरेतून वाकली, हाडं दुखते म्हणे. मीबी तेच म्हणो, कोणाचे दुखत नाही? तिच्या हाती दुधाचा पेला मी कधी पाह्यला नाही. अन् पाह्यला नाही, हे बी मले ती गेल्यावर समजलं."

आवाज कंडक्टरचा नव्हता. मी ओळखलाही नसता.

भांडायला म्हणून तोंडात आणलेलं सगळं तसंच राहिलं. राग गेला होता असं नाही. चांगला पेटलेला होता, पण त्या पाठमोऱ्या माणसावर टाकता येईना. मी तशीच घरी आले.

संध्याकाळचं दूध आलं होतं. मी ते तापवलं आणि कोणाला न विचारता दोन पेले भरले. एक सासूबाईंच्या खाटेपाशी नेऊन ठेवला.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कायले? डॉक्टरनं सांगितलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "दूध हाय. प्या."

माझा आवाज चढला होता. त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी येतं का म्हणून. मग पदर पुढे ओढला, त्याच्या आड पेला धरला आणि चोरून प्यावं तशा पिऊ लागल्या. मी माझा पेला घेऊन त्यांच्या समोर, उंबऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसले.