उस्तादांच्या तालमीतला नंबर

सोमवारी सकाळी सहा वाजता तालमीत वीस माणसे व्यायाम करताना दिसली नाहीत, तर तालीम सरकारकडे जाणार होती. लातूर जिल्हा होऊन वर्षही झाले नव्हते. कचेऱ्या आल्या होत्या, साहेब आले होते, फक्त त्यांना बसायला जागा नव्हती. जिथे छप्पर आहे आणि आत माणूस नाही, तिथे दुसऱ्या दिवशी टेबल येऊन पडत होते. मोहियोद्दीन उस्तादांच्या तालमीला छप्पर भक्कम होते. माणसे चार उरली होती, तीही कधीमधी येणारी.

महिन्यापूर्वी ती बावीस होती. उस्तादांनी घरोघरी जाऊन ती जमवली होती. शेषेराव कारकुनाचा दंड दाबून "क्या बात है! आत पैलवान झोपलेला हाय," असेही सांगितले होते. तो पैलवान आठ दिवस जागा राहिला आणि पुन्हा झोपला.

"उस्ताद, तुमचं पटतंय हो," रविवारी शेषेराव म्हणाला, "पण बैठका काढल्या की घाम येतो. घाम आला की तहान लागती. वर आंघोळ आलीच. अन् नळ आठ दिसांआड! बायको म्हणती, ताकद ऱ्हाऊ द्या, आधी घाम आवरा."

"अरे भई, उद्याच्याला तरी ये. दोस्तांना घेऊन ये. सवय लागली की अंगच मागत असतं."

सोमवारी शेषेराव आला. दोस्त तीन आले. चार माणसे वीस दिसावीत म्हणून उस्तादांनी त्यांना दारापासून रस्त्यापर्यंत लांब लांब उभे केले. "तपासणीच्या साहेबांची जीप दिसली की आवाज द्या," असे सांगून ते आत माती खणायला गेले.

अजून नीट उजाडले नव्हते. चार माणसे ओळीने, मुकाट्याने, रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. त्या वर्षी लातुरात अशा उभ्या राहण्याचा एकच अर्थ होता : पाण्याचा टँकर. दोन घागरी घेऊन चाललेली केवळाबाई थबकली.

"मी कुणाच्या मागं हाय?" तिने विचारले.

"माझ्या," शेषेराव म्हणाला. विचार करून नव्हे. हा प्रश्न आला की हे उत्तर द्यायचे, एवढीच सवय त्याला त्या उन्हाळ्यात नेमाने लागली होती.

केवळाबाईने घागरी टेकवल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन एकच हाळी दिली. अर्ध्या तासात ओळ तालमीला वळसा घालून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली.

उस्ताद मातीने भरलेले हात झटकत बाहेर आले आणि दारातच खिळले. दीडशे माणसे! बायासुद्धा! त्यांचे डोळे भरून आले. माणूस दिसला की त्याचे खांदे आणि मांड्या पाहायच्या, ही त्यांची जन्माची खोड. हातात काय आहे, हे ते कधीच पाहत नसत.

"उस्ताद, कधी येणार?" केवळाबाईने विचारले.

"सहाला. एकदम पक्कं."

"मानशी किती?"

"आजच्याला पन्नास. मग रोज पाच वाढवायचे."

"पन्नास!" ओळीतून आरोळी उठली. घरी राहिलेल्या सासवांना, दिरांना निरोप गेले. गिरणीकडून रेटारेटी सुरू झाली. कुणीतरी मधे घुसले, कुणीतरी कुणाचा उद्धार केला.

"खामोश!" उस्ताद गरजले. "गडबड करील त्याला आत घेणार न्हाई! हात पुढं! बसा! उठा! बसा!"

टँकरवरचे लोक काय काय करायला लावतात, हे ओळीला ठाऊक होते. नंबर जाण्यापेक्षा बसलेले बरे. दीडशे माणसे बसली, दीडशे उठली.

"माय, ह्या जिल्ह्याचे नवेच नियम निघून राहिले," केवळाबाई तेराव्या बैठकीला धापा टाकत म्हणाली.

"बोलू नका, घाम गाळा!"

एकतिसाव्या बैठकीला जीप आली. सरकारी गाडी पाहताच ओळ मोडली आणि घागरींसकट जीपभोवती उभी राहिली. नवे अधिकारी भुजंगराव साहेब काच खाली करायलाही धजेनात.

"साहेब, हे सगळे आपले व्यायामवाले," उस्ताद अभिमानाने म्हणाले.

"मग ह्यांच्या हातात घागरी कशाला?"

उस्तादांनी पहिल्यांदाच घागरींकडे पाहिले. शेषेराव मात्र कारकून होता. साहेबांचा प्रश्न मोकळा ठेवायचा नसतो, हे त्याला माहीत होते.

"वजनं हायत साहेब."

"रिकामी?"

"नवशिके हायत साहेब."

भुजंगरावांनी काच दोन बोटे खाली केली. केवळाबाईने त्या फटीतून घागरीचा काठ आत घातला.

"भरून द्या की साहेब! भरल्याली उचलून दावते. एक डोक्यावर, एक कमरंवर. ह्या समद्याजणी दावतेत."

साहेबांनी घागरीकडे पाहिले, मग जीपमागे दाटलेल्या दीडशे माणसांकडे. मागे जायला वाट नव्हती. त्यांनी मांडीवरच कागद ठेवून लिहिले : तालीम पूर्ण वापरात आहे. व्यायामाची वजने भरण्यासाठी रोज सकाळी एक टँकर द्यावा.

तालीम वाचली. टँकर रोज येऊ लागला, बैठकाही होऊ लागल्या. कारण बैठका न काढणाऱ्याला केवळाबाई नंबरातून बाहेर काढी. उस्तादांनी तिला काही म्हणून पाहिले. तिने त्यांनाही पाच जास्त काढायला लावल्या.

पंधरा दिवसांनी तालमीच्या पत्त्यावर पत्रे येऊ लागली. आमच्या गावीही तालीम काढा, असे उदगीर म्हणत होते, लोहा तर जिल्ह्याबाहेरून म्हणत होते. उस्ताद एकेक पत्र छातीशी धरत. "बघ, शेषेराव! लोकांना कसरतीची गोडी लागून राहिली."

"हाव, उस्ताद," म्हणत शेषेरावने चाकूरचे पत्र मोठ्याने वाचले. ते धोंडप्पा नावाच्या गृहस्थांचे होते. वय ब्याऐंशी, गुडघे दोन्ही दुखतात, तरी रोज शंभर बैठकांची तयारी आहे, असे त्यांनी कळवले होते. खाली एकच विनंती होती : घरात माणसे अकरा आहेत, तरी वजने जरा मोठ्या तोंडाची द्यावीत.