बारा किलोमीटर माया

ओलुवा नावाच्या बेटदेशाचा किनारा श्रावणातल्या एका सोमवारी फॉल-पिकोसाठी बार्शीला आला.

तो रेक्झिनच्या एका पिशवीतून आला. किनाऱ्याला लांबी पुष्कळ असते, रुंदी फारशी नसते. त्यामुळे घडी नीट घातली तर चारशे बारा किलोमीटर एका पिशवीत बसतात. पिशवी घेऊन मारेमाबाई आल्या होत्या. त्या ओलुवाच्या किनारा विभागात उपसंचालक होत्या आणि मराठी त्या पत्रव्यवहारातून शिकल्या होत्या.

‘सुवर्णा फॉल-पिको सेंटर’ हे दुकान भालचंद्र माळवदेच्या आत्याचं, तिच्याच नावाचं. आत्याने मशीन सोडलं होतं. आता हातशिलाई आणि बोलणं एवढंच ती बघायची. भालू आठवीतून शाळा सोडून त्या मशीनवर बसला, त्याला बारा वर्षं झाली होती. हात चांगला होता, पण गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की तो खाली वाकून बॉबिन बदलायला घ्यायचा.

मारेमाबाईंनी किनारा टेबलावर काढून ठेवला, तेव्हाही त्याने बॉबिन बदलायला घेतली.

आत्याने काठ दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. “अगं बाई! दोरे केवढे सुटलेत. इतके दिवस झोपला होतात का सगळे?”

“मंजुरी प्रलंबित होती,” मारेमाबाई म्हणाल्या.

“आणि धुता कशात?”

“समुद्रात.”

“रोज?”

“दिवसातून दोन वेळा.”

“मग जाणारच की! नवी साडीसुद्धा टिकायची नाही.”

मारेमाबाईंनी हे वहीत लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की आमच्याकडे काठाला फॉल लावण्याची पद्धत नाही. चौकशी केली असता काठाचं काम आपल्याकडे समाधानकारक होतं असं समजलं.

“फॉल लावला की काठ जड पडतो,” आत्या म्हणाली. “मग लाटेबरोबर वर गोळा होणार नाही. पिको मारला की दोरे सुटणार नाहीत. कधी पाहिजे?”

“शनिवारी पौर्णिमेची भरती आहे. तोपर्यंत आहे तिथेच थांबावं, असं समुद्राला लेखी कळवलं आहे.”

“थांबलाय?”

“पोच आली आहे.”

“आणि शनिवारनंतर?”

“त्याविषयी त्याने काही कळवलेलं नाही. सध्या देशाला कड नाही. नागरिकांनी फार लांब चालत जाऊ नये, अशी सूचना दिली आहे.”

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यात किनाऱ्याची लांबी चारशे बारावरून चारशे करावी, असा आदेश होता. ओलुवात पाचवीच्या भूगोलाच्या परीक्षेला हा प्रश्न दरवर्षी यायचा, आणि गेल्या वर्षी सबंध देशात तिघांनीच बरोबर उत्तर लिहिलं होतं. चारशे हा आकडा लक्षात राहायला सोपा होता. कुठले बारा किलोमीटर काढायचे, तिथे खडूने खूण केलेली होती.

“जागा दुर्गम आहे. वस्ती नगण्य,” मारेमाबाई म्हणाल्या आणि लॉजवर गेल्या.

भालूने कामाला सुरुवात उत्तरेकडून केली. उत्तर किनारा काळ्या कातळाचा होता. तिथे दोन सुया मोडल्या. मंगळवारी पूर्व किनारा आला. तिथे खारफुटी होती, दोरा सारखा मुळांत अडकायचा, आणि प्रत्येक वेळी मशीन थांबवून तो हळूच सोडवावा लागायचा. बुधवारी दक्षिणेची वाळू लागली. ती मलमलीसारखी मऊ होती, पायाखालून, म्हणजे सुईखालून, सरकत राहायची. मोहरीएवढे पांढरे पक्षी मशीनच्या चाकावर येऊन बसले. भालूने चाक सावकाश फिरवलं, तर ते उडाले नाहीत, चाकाबरोबर गोल गोल फिरले.

भालूने समुद्र पाहिलेला नव्हता. आता तो दिवसभर त्याच्या मांडीवरून जात होता. दुकानात ओलसर, खारट वारा सुटला. पिकोला साड्या घेऊन आलेल्या बायका निऱ्या जरा वर धरून उभ्या राहू लागल्या. “ओहोटी कधी आहे? तेव्हा येते,” असं सांगून एक-दोघी परतसुद्धा गेल्या.

गुरुवारी दुपारी तो पश्चिमेच्या अगदी शेवटाला पोचला, आणि खडूची खूण आली. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. आत्या भिंतीला टेकून डुलकी घेत होती. त्या शांततेत भालूला खाली कुणीतरी शिकवत असल्यासारखं ऐकू आलं.

तो वाकला. खडूच्या दोन रेघांच्या मध्ये एक वेडीवाकडी खाडी होती. सरळ केली तर बारा किलोमीटर भरली असती, पण तशी ती नखावर मावत होती. तिच्या काठाला एक कौलारू शाळा होती. पाच मुलं वाळूत बसली होती आणि एक म्हातारे गुरुजी काठीने वाळूत देशाचा नकाशा काढत होते. भाषा ओळखीची नव्हती. पण भूगोलाचा तास होता, त्यामुळे भालूला सगळं कळत होतं. आपला देश चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. मध्ये डोंगर. नदी एकच, ती उन्हाळ्यात आटते.

मग गुरुजींनी विचारलं, की आपल्या उत्तरेला काय आहे?

मुलांनी माना वर केल्या, भालूकडे पाहिलं आणि एका सुरात उत्तर दिलं, “बार्शी.”

बरोबर, असं गुरुजी म्हणाले. मग त्यांनीही वर पाहिलं, काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. भालूनेही हात जोडले. लाइट आली, पंखा फिरायला लागला आणि मुलांच्या वह्यांची पानं उडाली.

त्या दिवशी त्याने पुढे एकही टाका घातला नाही.

शुक्रवारी सकाळी मारेमाबाई आल्या. बाकीचा किनारा पुरा झाला होता. फॉल मॅचिंग बसला होता आणि काठ झुळझुळीत न राहता छान जड पडत होता. राहिली होती फक्त खडूची जागा.

“हे कापायचं राहिलं,” मारेमाबाई म्हणाल्या.

भालूने बॉबिन बदलली.

“काही अडचण आहे का?”

भालूने तीच बॉबिन काढून पुन्हा बसवली. आत्याने कात्री त्याच्यापुढे सरकवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “बोल की,” ती म्हणाली. “का तुझ्या वतीनं बॉबिन बोलणार आहे?”

“तिथं शाळा आहे,” भालू म्हणाला.

“नोंद आहे. पाच विद्यार्थी. त्यांना कळवण्यात येईल.”

“कुठल्या पत्त्यावर?”

मारेमाबाईंनी वही उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि वही मिटली. “हा मुद्दा चर्चेत आला नव्हता,” त्या म्हणाल्या. “परंतु आदेश चारशेचा आहे. समुद्र उद्या येईल. मला आज निघावं लागेल.”

भालूचे कान लाल झाले होते. त्याने काठ उचलून खाडीच्या दोन्ही बाजूंना धरला आणि दोन्ही खुणा एकमेकींवर आणल्या. खाडी अलगद आतल्या बाजूला गेली.

“कापायचं नाही,” तो म्हणाला. “आत घ्यायचं. माया ठेवायची.”

“हा शब्द माझ्या पत्रव्यवहारात आलेला नाही.”

“ब्लाउज शिवताना आत जास्तीचं कापड राखतात ना, ती माया,” आत्या म्हणाली. “पुढं अंग भरलं, की उसवून सैल करता येतं. जो शिंपी माया ठेवत नाही त्याच्याकडे कुणी पुन्हा जात नाही.”

“म्हणजे भविष्यकालीन तरतूद.”

“तुम्ही तसं म्हणा.”

“बाहेरून किती दिसतील?”

“चारशे,” भालू म्हणाला.

“आणि बारा?”

“असतील.”

मारेमाबाईंनी वाकून काठ पाहिला. मग त्यांनी आत अंधार असेल का, असं विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता. भालू म्हणाला, मशीन मारलं तर अंधार होईल. म्हणून त्याने तेवढी जागा मशीनवर घेतलीच नाही. हातात सुई घेऊन सैल धावदोरा घातला, टाका लांब, मध्ये बारीकशी फट. “पश्चिमेची बाजू आहे,” तो म्हणाला. “दुपार कलली की ऊन आत शिरेल.” आठ दिवसांत बोलला नसेल इतकं तो त्या सकाळी बोलला.

गाठ मारण्याआधी त्याने फटीतून आत पाहिलं. गुरुजी वाळूतला नकाशा पुसून नव्याने काढत होते. मुलं जरा सरकून बसली होती.

मारेमाबाईंनी फॉर्म भरला. लांबी, चारशे. त्याखाली रकाना नव्हता, म्हणून त्यांनी पट्टीने एक आखला. माया, बारा. किनारा घडी घालून पिशवीत गेला. पक्षी चाकावरून उठून पिशवीमागे उडत गेले.

शनिवारी दुपारी समुद्र आला. काठाला हात लावून पाहिला आणि नेहमीसारखा परत गेला, असं मारेमाबाईंच्या तारेत होतं.

पुढच्या जूनमध्ये ओलुवाहून एक पुस्तक आलं. पाचवीचा भूगोल. पहिल्याच धड्यात होतं: ‘आपल्या देशाच्या किनाऱ्याची लांबी चारशे किलोमीटर असून माया बारा किलोमीटर आहे.’ सोबत गुरुजींचं पत्र होतं आणि खाली मारेमाबाईंनी त्याचं मराठी करून दिलं होतं. ऊन साडेचारला येतं, वाचण्यापुरतं टिकतं. यंदा सगळ्यांना हा प्रश्न बरोबर आला. मुलं विचारतात, की उत्तरेकडच्या बार्शीची माया किती?

भालूने पत्र दोनदा वाचलं. “आत्या, आपली किती आहे?”

“सरकारी आकडा ऐकला नाही बाबा कधी. मोजावी लागेल.” आत्याने सुईत दोरा ओवला. “जेवायला ये वेळेवर.”

गावाची कड जुन्या जकात नाक्यापलीकडे, बाभळींपाशी येते. भालू तिथे उकिडवा बसला, दोन बोटांनी कड हलकेच उचलली आणि टेपचं टोक आत सरकवलं. टेप जात राहिली. साठ इंचांची होती. ती संपली, तेव्हा त्याने तिथे खडूने खूण केली आणि दुसरी टेप आणायला तो दुकानाकडे वळला.