कॅल्क्युलेटरमधली मेहनत

"बाबा, उद्या परीक्षेला आत सोडताना कॅल्क्युलेटरची मेमरी पुसतात. यातलं जे काय असेल ते कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा," मुलगी चपला घालता घालता म्हणाली. "बॅटऱ्या संपत आल्यात. बदलल्यात तर एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्यात की आतलं सगळं जातं. आणि ते गेलं ना, तर या घरात राहणं मुश्कील होईल."

एवढं बोलून ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली आणि केमिस्टसाहेबांनी कॅल्क्युलेटर जपून उचलला. स्वतःच्या दुकानातही पाकिटावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला औषध न देणारा हा माणूस. त्याच्या हातात लेकीचा वर्षभराचा अभ्यास आला होता.

त्यांनी केबल लावली, तर कॉम्प्युटर ढिम्म. केबल जरा वर उचलून धरली की चालायची, सोडली की बंद. मग एका हातानं ती तशीच धरून दुसऱ्या हातानं त्यांनी कॉपी सुरू केली. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत निम्म्यावर आली आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर सूचना उमटली, बॅटरी कमी.

"अगं, बॅटऱ्या आण. दिसतील तिथून काढून आण."

एरवी रिमोट जागचा हलला तरी बायको घर डोक्यावर घ्यायची. आज तिनं मुकाट्यानं रिमोट उघडला, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, स्वयंपाकघरातला वजनकाटाही रिकामा केला.

"जपून हं. खूप मेहनत आहे त्यात," ती म्हणाली.

"मला का माहीत नाही? तू जरा लांब उभी राहा."

एक बॅटरी बदलली, दुसरी बदलली. तेवढ्यात केबल निसटली, ती सावरताना कोपर लागलं आणि टेबलावरच्या जुन्या-नव्या बॅटऱ्या एकमेकींत मिसळल्या. सगळ्या एकाच कंपनीच्या. पण जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळेनासं झालं की तारीख बघायची, हे धंद्यानं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी टेबलावरच्या तारखा वाचल्या. मग ताडून बघायला कॅल्क्युलेटरमधल्या चारही बॅटऱ्या काढल्या, चष्मा पुसला आणि त्याही मोठ्यानं वाचायला घेतल्या.

"अहो," बायको म्हणाली, "सगळ्या काढल्यात?"

बॅटऱ्या परत घातल्यावर पडदा उजळला. मेमरी रिकामी होती. कॉम्प्युटरवरची फाइल अर्धवट राहिल्यामुळे उघडतच नव्हती.

साहेबांनी लेकीला फोन लावला. "बाळा, तुझा वर्षाचा अभ्यास... माझ्या हातून गेला गं."

"माझा अभ्यास? तो मी परवाच कॉपी केलाय."

"मग यात काय होतं?"

"सापाचा खेळ. आणि आईचा स्कोअर. तुम्ही दुकानात गेलात की खेळायची ती, गेले सहा महिने."

साहेबांच्या जिवात जीव आला. ते खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. "मग तोही तूच नाही का कॉपी करायचा?"

"एवढी मोठी जबाबदारी कोण घेणार, बाबा?"

हसता हसता त्यांनी मान वळवली. बायको हसत नव्हती. बंद घड्याळाखाली ती हाताची घडी घालून उभी होती.

"बाबा," लेकीनं फोनवर हळूच विचारलं, "आई तिथंच आहे का?"

"आहे."

"मग मी आज इकडेच झोपते."