उताऱ्यातल्या माणसांचे देवराव

"टॉमने पाव का चोरला?" असा प्रश्न उताऱ्याखाली होता. देवरावांनी अडखळत्या इंग्रजीत त्याचं उत्तर लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा: "हा त्यांच्या घरचा मामला आहे. कृपया विचारू नये." मी त्यावर लाल रेघ मारली तेव्हा त्यांनी मान खाली घातली, पण उत्तर काही बदललं नाही.

देवराव पुसदच्या दवाखान्यात ड्रेसर होते. वय चाळिशीच्या पुढे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोटांना कायम आयोडिनचा वास. बैलाने शिंग मारलेला, बायकोने लाटणं फेकून मारलेला, पिऊन नालीत पडलेला, सगळ्यांना पट्टी देवरावांकडूनच हवी असायची. कारण ते "कसं लागलं?" म्हणून कधी विचारत नसत. "जखम दिसून राह्यली ना बाई, मंग इचारायचं कायले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि त्यांच्या घराजवळच राहत असे. तेव्हा गावात नवं कॉलेज निघालं होतं. नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना ते सकाळच्या वर्गात घेणार होते, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा होती. एक उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. मॅट्रिक देवरावांनी बाहेरून बसून कशीबशी काढली होती. त्यांच्या म्हाताऱ्या आईने, सखूबाईने, "पोराले कालेजात गेलेलं पाह्यल्याबिगर मी डोळे मिटत नाई," असं फुलसावंगीपासून पुसदपर्यंत सगळ्या नातलगांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे नापास व्हायची सोयच उरली नव्हती. म्हणून ते माझ्याकडे शिकायला येऊ लागले.

या वयात शिकायला जातो, याची त्यांना भयंकर लाज वाटे. पुस्तक पट्टीच्या कापडात गुंडाळून आणायचे. वाटेत कोणी हटकलं की सांगायचे, "बाईच्या सासूच्या गुडघ्याले पट्टी बांधाले चाललो." आणि मग खोटं बोलल्याचीही लाज! म्हणून आल्याआल्या माझ्या सासूबाईंच्या धडधाकट गुडघ्याला ते खरोखरच पट्टी बांधत. पहिल्या दिवशी सासूबाई अंग चोरून बसल्या. देवरावांचं घर नुकतंच बौद्ध झालेलं आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या का अंग चोरताहेत हे देवरावांना ठाऊक होतं. मी शरमेने अर्धमेली झाले. देवराव मात्र खाली बघून पट्टी गुंडाळत राहिले. पट्टी अशी झकास बसली, की थोड्याच दिवसांत सासूबाई स्वतःच दाराशी डोकावून "आले नाहीत का अजून?" विचारू लागल्या. पुढे तर त्या चक्क लंगडूही लागल्या.

वाचायची तऱ्हा म्हणाल तर तीही जगावेगळी. उताऱ्यातल्या प्रत्येक माणसाला ते 'जी' लावत. हॅरीजी, मिसेस ब्राऊनजी. एकदा मिसेस ब्राऊन रडायला लागल्या तर यांनी पुस्तकच मिटलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"रडून राह्यल्या ना त्या. जरा थांबू आपण."

"अहो देवरावजी, त्या छापलेल्या आहेत! खऱ्या नाहीत."

"छापलं म्हणून का चारचौघात कोणाची लाज काढायची, बाई?"

अर्थ त्यांना सगळा कळायचा. माझ्या शाळेतल्या मुलींपेक्षा लवकर कळायचा. पण प्रश्न आला, की शेजाऱ्याच्या घरात डोकावताना पकडल्यासारखा चेहरा करायचे. शेवटी परीक्षा तोंडावर आली तेव्हा मी जरा रागावूनच म्हटलं, "हे असं चालणार नाही. तिकडे आई आस लावून बसलीय तुमची. विचारलं ते सरळ लिहायचं!"

आईचं नाव निघताच त्यांनी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "लिहितो."

परीक्षा सुटल्यावर ते थेट माझ्याकडे आले. उतारा विलायतेतल्या एका गरीब विधवेचा होता. ती बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन उरलेला पाव मागते आणि शालीखाली लपवून मुलांसाठी घरी नेते. प्रश्न होता, तिने शालीखाली काय लपवलं आणि का?

"लिहिलंत ना?" मी विचारलं.

"लिहिलं. मागतलेला पाव. लोकायनं पाह्यलं तर लाज वाटन म्हणून."

"अगदी बरोबर! झालात पास!" मी टाळीच वाजवली.

देवरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"माह्यी माय गावात भाकर मागाले जाये, बाई," ते हातांमागूनच बोलले. "तवा आमच्या लोकायले तेच होतं. पदराखाली झाकून आणे. एक दिवस ते शाळेपुढून चाललती, तर गुरुजीनं सगळ्या पोरायदेखत मले इचारलं, तुह्यी माय पदराखाली काय नेऊन राह्यली रे? मले उत्तर येत होतं ना! मी उभा राह्यलो अन् मोठ्यानं सांगतलं. सारी शाळा हासली. मायनं ऐकलं. तवापासून शाळेच्या रस्त्यानं आलीच नाई. नाल्याकडून फेरा घालून जाये." मग हात खाली घेऊन ते म्हणाले, "तवाबी उत्तर बरोबर होतं."

देवराव पास झाले. मी अभिनंदन करायला घरी गेले, तर ते ओशाळल्यासारखे भिंतीला टेकून बसलेले, आणि सखूबाई आनंदाने नुसती घरभर फिरत होती. मला बसायला पोतं झटकून देताना तिने लेकाला विचारलं, "कारे देवराव, पेपरात इचारलं तरी काय होतं?"

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"एका बाईचं इचारलं होतं, माय."

"कोन बाई?"

"होती, विलायतेतली. लेकरायची माय."

"मंग? तू काय लिहिलं?"

"लय चांगली बाई होती, असं लिहिलं."

"अन् तेवढ्यावर पास केलं तुले?"

"हो."

म्हातारीने समाधानाने मान हलवली. "भले लोक हायेत गा कालेजातले," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.