हाताला लावलं, कापसाला लागलं

या हिवाळ्यात सेलू तालुक्यात सगळ्यात मऊ हात कोणाचे, अशी स्पर्धा ठेवली असती तर पहिलं बक्षीस मीच नेलं असतं. दुसरं द्यायला कोणी सापडलं नसतं! ही बढाई नाही. पुढे जे झालं ते झालं, पण हात मऊ होते, हे चाळीस-पन्नास शेतकऱ्यांनी स्वतः चाचपून पाहिलेलं आहे.

मी मुकेश. सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाची खरेदी चालते, तिथे मी ओलावा मोजतो. आलेल्या कापसातून मूठभर काढायचा, यंत्राच्या डब्यात हाताने दाबदाबून भरायचा, झाकण आवळायचं आणि आकडा बघायचा. बारापर्यंत आला तर माल आत, बाराच्या वर गेला तर परत. काम सोपं आहे, पण दिवसभर कापूस हाताळला की तो हातातलं सगळं तेल पिऊन टाकतो. त्यात डिसेंबरची थंडी. दहा हिवाळ्यांत माझे तळवे कानशीसारखे झाले. बायको, वर्षाली, चांगली साडी नेसली की मला चार हात लांब उभं करायची, कारण माझा हात लागला की साडीचे दोरे निघायचे.

इलाज केला मेहुणीने. मयुरी नालवाडीला पार्लर चालवते. तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पेशंट हाताबाहेर गेल्यासारखा चेहरा केला. काय लावता, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या ताईची उरलीसुरली क्रीम, बारा महिने तीच.

"इथंच त चुकते भाऊजी," मयुरी म्हणाली. "उन्हाळ्यातली पातळ क्रीम हिवाळ्यात काय कामाची? थंडीत तुम्ही रजई सोडून चादर घेता काय?"

मग तिने थंडीचे नियम सांगितले. कढत पाणी बंद, कोमट घ्यायचं. साबण कमी. हात खसाखसा पुसायचे नाहीत, ओलसर असतानाच जाड क्रीम थापायची आणि वरून ग्लिसरीन-गुलाबपाणी चोपडायचं. दिवसातून तीनदा.

मी नियमाचा माणूस. तीनदा सांगितलं म्हणून मी सहादा लावलं. सुट्टी टाकून घरीच होतो, त्यामुळे वेळ भरपूर. चौथ्या दिवशी वर्षालीने आपणहून मला तिच्या साडीची घडी घालायला दिली! लग्नाला चौदा वर्षं झाली, पण असा मान कधी मिळाला नव्हता. मग काय, सोमवारी क्रीमची ट्यूब आणि ग्लिसरीनची बाटली खिशात घालून मी कामावर गेलो.

त्या दिवशी पहिलाच कापूस तेरा आला. दुसरा चौदा. तिसरा पुन्हा चौदा. मी म्हटलं, पहाटे धुकं पडलं असेल. शेतकरी म्हणाले, आमच्याकडे तर तारे दिसत होते. मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. आणि वादावादीत वेळ गेला की हात कोरडे पडतील म्हणून मध्ये मध्ये नळावर जाऊन हात ओले करून क्रीम थापून येत होतो. अकरा वाजेपर्यंत मी एकेक करत सगळ्यांना परत केलं. पण घरी कोणी गेलं नाही. लोकांनी आवारात ताडपत्र्या अंथरल्या आणि कापूस उन्हात वाळत घातला. आवार असं दिसत होतं, जणू अख्ख्या तालुक्याने कुरडया घातल्या आहेत. तुमच्या सगळं लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. माझं लक्ष हातांवर होतं.

अशा वेळी फाटकातून एक पिकअप आत आली आणि वर कापसाच्या गठ्ठ्यावर बसलेले माझे सासरे दिसले.

रूपराव माझे सासरे, राहणार तळेगाव. तळेगावाहून आमचं सेलू म्हणजे वाटेत आर्वीचं मार्केट सोडून, वर्धा शहर ओलांडून यायचं. तरी ते आले, कारण गावात सांगून ठेवलं होतं की आमचे जवाई खरेदीवर बसतात, माल तिथंच नेईन. पांढरं धोतर, टोपी, मफलर, अगदी वरातीला निघाल्यासारखे. उतरल्या उतरल्या रांगेतल्या लोकांना त्यांनी माझी ओळख करून दिली. सकाळपासून ताटकळलेल्या त्या लोकांना माझी ओळख चांगलीच झाली होती.

आता नाती कामात आणायची नाहीत, हा माझा बाणा. सगळ्यांसमोर मामाजींचा कापूस घेतला, दाबून भरला. आकडा आला सतरा.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "पाणी मारलं असन."

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक असतात. पण भर खरेदीत एखाद्याला तसं म्हणणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. मामाजींचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्याच्या कापसावर कोणी बोट ठेवलं नाही असा माणूस, आणि बोट ठेवायला लावलं ते मी!

"जवाईबापू," ते म्हणाले, "तुमीच सांगा या लोकायले. म्या पाणी मारलं काय?"

मी घाईघाईने दुसऱ्या बाजूचा कापूस घेतला. अठरा. बायकोला काय तोंड दाखवू, हे मनात यायला लागलं.

आमच्याकडे मंदाबाई आहेत. आवार झाडतात, तीस वर्षं कापसातच आहेत. त्यांनी झाडू ठेवला, जवळ येऊन माझा हात धरला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. अंगठा सरकन घसरला.

"मुकेशभाऊ, काय चोपडून राह्यले हाताले? या ओल्या हातानं मोजलं त वाळलेली तुराटीबी ओली निघन."

हे त्या हळूच म्हणाल्या. फक्त मला ऐकू आलं. म्हणजे गप्प बसलो असतो तर हात धुऊन मशीनला दोष देता आला असता. पण लोक मामाजींकडे बघून कुजबुजत होते, आणि माझ्यामुळे सकाळपासून माणसं उन्हात कापूस उलटत होती. मी वजनकाट्यावर चढलो.

"ऐका," मी म्हणालो, "कोणाचाच कापूस ओला नाही. माझे हात ओले हायेत. मी हाताले क्रीम लावतो. ग्लिसरीनबी लावतो."

आधी कोणाला कळलं नाही. मग एक म्हातारा पुढे आला, त्याने माझा तळवा चाचपला आणि म्हणाला, लोणी आहे गा! त्यानंतर रांगच लागली. कोणी दोन्ही हात तपासले, कोणी गालही बघू का म्हणून विचारलं, दोघांनी क्रीमचं नाव लिहून घेतलं. लोक पोट धरून हसत होते. हसले नाहीत ते एकटे मामाजी. ते म्हणत होते की झालं ते झालं, जवायाले हसू नका, आता सरळ वजन करून घ्या. मला भरून आलं. एवढा अपमान होऊनही माणूस माझीच बाजू घेत होता!

मंदाबाईंच्या कोरड्या हातांनी पुन्हा मोजणी झाली. नऊ. दहा. नऊ. अकरा. एकेक ताडपत्री उठली, शेतकरी खुश झाले.

"आमचं झालं न मोजून, दोनदा," मामाजी म्हणाले.

"नाही मामाजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्यावर आळ आला होता. तो सगळ्यांसमोर धुतला गेला पाहिजे."

मंदाबाईंनी कापूस भरला, झाकण आवळलं. आकडा बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून बघितलं. चौदा.

मामाजींनी मला दंडाला धरून पिकअपच्या मागे नेलं. आवाज एकदम खाली आणला.

"तुमी बसता म्हून त दोन बादल्या मारल्या जी. नाई त आर्वी काय वाईट होतं?"