नसलेल्या प्रोसेसरचा एकेचाळीस टक्के वेग

जी वस्तू अस्तित्वातच नाही तिच्यात खोट काढणं अवघड असतं, आणि म्हणूनच विज्ञानाने सर्वांत डोळे दिपवणारी प्रगती अशाच वस्तूंच्या बाबतीत केलेली आहे. मी स्वतः आयुष्याची सात वर्षं अशा एका वस्तूला वाहिली. ती वस्तू म्हणजे एक प्रोसेसर. तो कुठल्याही कारखान्यात बनलेला नाही, बनणार नाही, आणि बनू नये असं माझं आता प्रामाणिक मत आहे. तरीही तो किती वेगाने चालतो हे मी दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत सांगू शकतो.

हे साधतं सिम्युलेटरमुळे. सिम्युलेटर हा एक प्रोग्राम असतो. खऱ्या कंप्युटरवर तो सुरू केला की तो नसलेल्या प्रोसेसरचं सोंग घेतो. त्या सोंगावर मग जगमान्य कसोटीचे प्रोग्राम, म्हणजे बेंचमार्क, चालवायचे. एक बुद्धिबळ खेळतो, एक हवामानाचा अंदाज बांधतो, एक मालाच्या ट्रकना जवळचा रस्ता शोधून देतो. असे एकूण नऊ. बुद्धिबळात कोण जिंकलं, पाऊस पडणार की नाही, ट्रक पोचला की वाटेत बसला, याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नसतं. किती वेळ लागला तेवढं टिपून घ्यायचं आणि उत्तर फेकून द्यायचं.

सोंग वठवायला मात्र वेळ लागतो. खरा प्रोसेसर जे एका सेकंदात उरकतो त्याला सोंग सहा तास घेतं. दहा मिनिटांच्या प्रोग्रामला पाच महिने. थोडक्यात, वेगाचा अभ्यास करायचा तर अंगी विलक्षण मंदपणा हवा, आणि त्या दृष्टीने मोंतेविदेओतल्या आमच्या प्रयोगशाळेने माझी केलेली निवड अचूक होती. आमच्याकडे काळ थर्मासांत मोजतात. एक थर्मास गरम पाणी, म्हणजे येर्बाच्या कडू चहाची सगळ्यांभोवती फिरणारी एक बैठक, म्हणजे साधारण एक तास. एका थर्मासात सोंग सेकंदाचा सहावा भाग पुढे सरकतं. ट्रकचा प्रोग्राम पुरा व्हायला तीन हजार सहाशे थर्मास लागतात (अहोरात्र प्यायलो तर, आम्ही संध्याकाळी सहाला थांबतो, तब्येतीच्या कारणाने).

सात वर्षांत संशोधकाचा वेळ कुठे जातो याची मी काटेकोर नोंद ठेवली आहे. सोंग संपायची वाट पाहणं, ४४ टक्के. ते मध्येच का कोसळलं याचा तपास, २३ टक्के. येर्बा, १८ टक्के. आलेल्या आकड्यांचे आलेख रंगवणं, १२ टक्के. रविवारच्या सामन्याची चिकित्सा, ९ टक्के. विचार, ३ टक्के. (विचाराचा आकडा फुगवलेला वाटेल, पण जेवायला काय मागवायचं हा विचारही त्यातच धरला आहे.)

प्रयोगशाळेचे काही अलिखित नियम आहेत. सुरुवातीचा काळ मोजायचा नाही, कारण प्रोसेसर अजून तापलेला नसतो. (नसलेली वस्तू तापायला किती वेळ लागतो यावर दोन स्वतंत्र प्रबंध आहेत.) एखादा कसोटी-प्रोग्राम आपल्या प्रोसेसरवर रखडत चालला, तर तो तांत्रिक कारणास्तव वगळायचा. सरासरी तीन प्रकारची असते, पैकी जी मोठी येईल ती शास्त्रीय. आणि उत्तरं साठवायची नाहीत, कारण डिस्कवर जागा नसते. डिस्कवर जागा नसते याला कारण आमचे मार्गदर्शक प्रोफेसर वॉशिंग्टन इरिगाराय. (आम्ही सगळे त्यांना नावाने हाक मारतो आणि अरे-तुरेच करतो; म्हणून बोलणी कमी बसतात असं मात्र नाही.) आपल्या फुटबॉल क्लबचा अकरा वर्षांतला एकूण एक सामना त्यांनी तिथे जपून ठेवलेला आहे.

माझी कल्पना साधी होती. मागच्या वेळी कशाची गरज पडली हे लिहून ठेवणारी एक छोटी वही मी प्रोसेसरच्या पोटात बसवली. आठ कसोट्यांवर त्या वहीचा परिणाम शून्याच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत राहिला. मग नववी कसोटी, ट्रकची, लावली. जुन्या प्रोसेसरवर तिला पाच महिने लागले होते. माझ्या प्रोसेसरवर ती तीन महिनेही पुरे व्हायच्या आत संपली. वाचलेला वेळ, एकेचाळीस पूर्णांक सहा दशांश टक्के! आमच्या क्षेत्रात तीन टक्क्यांवर माणसं निवृत्त झालेली आहेत. वॉशिंग्टनने येर्बा प्यायचा भोपळ्याचा पेला खाली ठेवून मला मिठी मारली. उरलेल्या आठ कसोट्या तांत्रिक कारणास्तव वगळण्यात आल्या.

"विल्मार, तुझा प्रोसेसर एवढा पळतोय तर पदवी त्यालाच देऊन टाकू या," शेजारच्या टेबलावरची निबिया बेंतांकोर म्हणाली. ती माझ्या मागून तीन वर्षांनी आलेली आणि माझ्या पुढे पोचलेली संशोधक. "तू काय, थर्मास धर."

प्रबंध लिहून झाला. मौखिक परीक्षेला दहा दिवस उरले. शिष्यवृत्ती महिनाअखेरपर्यंतच होती आणि वाढवून मिळणार नव्हती. म्हणजे त्या एका आकड्यावर माझी सात वर्षं टांगलेली होती. त्या रविवारी मी मिनासला आईकडे जेवायला गेलो. आई, एल्सिरा तेचेरा, बत्तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला गणित शिकवून निवृत्त झालेली. तिने रॅव्हिओली वाढली आणि प्रबंध चाळत विचारलं,

"मग, कुठल्या रस्त्याने गेले ट्रक?"

"आई, तो प्रश्नच नसतो."

"रस्ता शोधायचा प्रोग्राम ना हा? बारा शहरांचे बारा नकाशे, असं तूच लिहिलंयस. मग उत्तर काय आलं?"

"उत्तर कोणी बघत नाही गं. वेळ बघतात."

"म्हणजे पोराने गणित किती भरभर संपवलं ते बघायचं, आणि उत्तर नाही बघायचं?"

"जगभर असंच करतात."

"जगभर करतात ते बरं आहे. माझ्या वर्गात केलं असतं तर कान उपटला असता. सॉस घे, कोरडं कोरडं खाऊ नकोस."

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात हसलो. बिचारीला आमचं शास्त्र कसं कळणार! सोमवारी, निव्वळ तिचं समाधान म्हणून, मी ट्रकचं उत्तर शोधलं. नियमानुसार ते फेकलेलं असायला हवं होतं, पण फेकायची आज्ञा लिहायचा मी आळस केला होता (सात वर्षांतली माझी ही एकमेव शास्त्रीय कामगिरी). बारा ओळी होत्या. सात ओळींत सात शहरांचे रस्ते. उरलेल्या पाच ओळींत एकच वाक्य पाच वेळा: नकाशा सापडला नाही.

मी मागे जाऊन नोंदी तपासल्या. नव्या प्रोसेसरसाठी मी बारा नकाशांची वेगळी प्रत केली होती. सातव्या नकाशानंतर डिस्क भरली आणि पुढचे पाच नकाशे आलेच नाहीत. त्यांच्या जागेवर कोण बसलं होतं तेही पाहिलं. गोलशून्य बरोबरीत सुटलेला एक सामना होता.

मी आईला फोन लावला आणि नकाशांचं सांगितलं.

"बारातले किती नाहीत?"

"पाच."

ती जराही थांबली नाही. "पाच भागिले बारा. शून्य पूर्णांक चार एक सहा सहा, पुढे सगळे सहाच. तुझे किती आले होते?"

"एकेचाळीस पूर्णांक सहा टक्के."

"मग तुझा प्रोसेसर वेगवान नाही रे बाळा. त्याने पाच गणितं सोडून दिली आणि पेपर देऊन घरी आला."

मला इतकी लाज वाटली की मी फोन ठेवायचंही विसरलो. पलीकडून बराच वेळ तिच्या रेडिओचा आवाज ऐकू येत राहिला.

वॉशिंग्टनकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने भोपळ्यात पाणी ओतलं, नळीने ओढून संपवलं, पुन्हा ओतून माझ्या हातात दिलं.

"कोणाला बोललायस?"

"आईला."

"या विषयात तिचं काही प्रकाशित झालंय?"

"नाही."

"मग हरकत नाही."

"वॉशिंग्टन, आकडा खोटा आहे रे! पुन्हा चालवायला हवं."

"चालव की. पाच महिने. आणि परीक्षा कधी आहे? पुढच्या बुधवारी." मग तो गंभीर झाला. "हे बघ, सत्य लपवायचं नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना ते कधीच करू देत नाही. सत्यासाठी तळटीप असते."

मी तळटीप लिहिली. पान १४३, तळटीप ८८. "नव्या प्रोसेसरच्या चाचणीत बारापैकी पाच नकाशे उपलब्ध नव्हते. दिसणारी सुधारणा संपूर्णपणे त्यामुळे आहे." काहीही गाळलं नाही. लिहून झाल्यावर मला स्वतःच्या सचोटीचा थोडा अभिमानसुद्धा वाटला, हे कबूल करतो.

"सगळं खरं लिहिलंस?" निबियाने विचारलं.

"सगळं."

"केवढ्या अक्षरात?"

"तळटीपच ती. बारीक."

"मग बारीक खरं लिहिलंस," ती म्हणाली आणि थर्मास भरायला गेली.

परीक्षा बुधवारी झाली. परीक्षक तीन. पहिल्याने सातव्या आलेखातल्या हिरव्या रंगाबद्दल विचारलं. दुसऱ्याने मी तिसऱ्या प्रकारची सरासरी वापरल्याबद्दल अभिनंदन केलं. पोर्तो अलेग्रेहून आलेल्या अध्यक्षांनी तळटीपांची विपुलता हे प्रबंधाचं खास वैशिष्ट्य म्हणून नोंदवलं. एकूण १३१ भरल्या, असं त्यांनी मोजलं होतं. मग रिवाजाप्रमाणे श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगण्यात आलं. असा प्रश्न कोणी विचारत नसतं. दुसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या माझ्या आईने हात वर केला.

"उत्तर काय आलं?"

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. उमेदवाराची आई! अध्यक्षांनी हसून माझ्याकडे पाहत मान डोलावली. मी तिच्याकडे पाहिलं. दुसरीत तिच्याच वर्गात मी फळ्यासमोर उभा असताना ती माझ्याकडे बघायची, अगदी तशीच बघत होती. आणि मी मोठ्याने बोललो.

"पाच नकाशे सापडले नाहीत. सगळा वेग त्याचाच आहे. माझा प्रोसेसर काहीच करत नाही."

मग अध्यक्षांना हसू फुटलं. मग उरलेल्या दोघांना. मग अख्खं सभागृह. "इतका विनयशील उमेदवार मी पाहिलेला नाही!" अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा हळू म्हटलं, हेही नोंदवून ठेवतो. निकाल एकमताने: सर्वोत्कृष्ट.

बाहेर पायऱ्यांवर निबिया आणि मंडळी रिवाजाप्रमाणे तयारच होती. चोवीस अंडी, दोन किलो पीठ, वर ओली येर्बा. दोन मिनिटांत मी तळायला तयार झालो. वॉशिंग्टन आपल्या कोटाला पीठ लागू नये म्हणून लांब उभा राहून टाळ्या वाजवत होता. हसत नव्हती ती एकटी आई. तिने पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या भुवईवरचा बलक पुसू लागली.

"दुसरीत गणित झाल्यावर काय करायचं शिकवलं होतं मी?"

"ताळा."

"मग केलास?"

"तू केलास ना, आई."

"मी एका रविवारी जेवायला वाढलं म्हणून. आणि बाकीच्यांचा कोण करणार?" तिने रुमाल झटकला. "प्रमाणपत्र मिनासला पाठव, भिंतीवर लावीन. पण आधी ते पाच नकाशे चालव."

मी बाराही पुन्हा चालवले. वॉशिंग्टनचे चार हंगाम डिस्कवरून पुसले (त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही) आणि पाच महिने थांबलो. बाराही शहरांचे ट्रक पोचले. माझ्या वहीने वाचवलेला वेळ: शून्य पूर्णांक शून्य शून्य टक्के. तो कागद आईने प्रमाणपत्राच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत लावला आहे. माझ्या प्रबंधाचा आधार आजवर एकसष्ट निबंधांनी घेतला. तळटीप ८८ बद्दल एकानेही विचारलेलं नाही. मी आता त्याच प्रयोगशाळेत प्रोफेसर आहे आणि विद्यार्थी मला विल्मार म्हणतात.

इथवर वाचताना तुम्ही त्या तीन परीक्षकांना हसला असाल. हसायलाच हवं. फक्त एक विनंती: संशोधकाचा वेळ कुठे जातो याची जी काटेकोर नोंद मी वर दिली, तिची एकदा बेरीज करून पाहा. ती एकशे नऊ येते. तुम्ही ती वाचलीत, जेवणाच्या विचाराशी हसलात आणि पुढे गेलात. आमच्या परीक्षक मंडळावर सध्या एक जागा रिकामी आहे. आपण अवश्य अर्ज करावा.